स्ट्रॉबेरीच्या शीतसहनशीलतेचा रेणवीय आधार : संशोधनाची आणि त्याच्या वाचनाची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रात प्रतापगड म्हटले की सातारा जिल्ह्यातील किल्ला डोळ्यांसमोर येतो. महाबळेश्वरहून त्या किल्ल्याकडे निघालेला प्रवासी ज्या डोंगरी मुलखातून जातो, तो स्ट्रॉबेरीच्या मळ्यांचा मुलूख आहे. दुसरा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. महाशिवरात्रीची यात्रा आणि टेकडीवरचा दर्गा यांमुळे तो पूर्व विदर्भात परिचित असला, तरी राज्याच्या उर्वरित भागात त्याचे नाव क्वचितच घेतले जाते. या दुसऱ्या प्रतापगडाभोवती धानाच्या बांध्या आणि तलाव आहेत, आणि इटियाडोह धरण फार दूर नाही. स्ट्रॉबेरीशी या मातीचा परंपरागत संबंध नाही.

असे असूनही हिवाळ्यात वृत्तपत्रांतील तापमानाचा तक्ता पाहिला की एक प्रश्न हटकून पुढे येतो. डिसेंबर-जानेवारीत अनेकदा गोंदियाचे किमान तापमान महाबळेश्वरच्या किमान तापमानाच्या खाली असते. थंडीची लाट आली की गोंदियात पारा ८ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, आणि त्याच रात्री महाबळेश्वरला तो १२-१३ अंशांवर असू शकतो. स्ट्रॉबेरी हे थंडीचे पीक असेल आणि गोंदिया अधिक थंड असेल, तर ते पीक येथे का घेतले जाऊ नये, असा तो प्रश्न आहे. धानाला पर्याय शोधणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी तो स्वाभाविक आहे. शेतीविषयक लेखनात मात्र तो ज्या सहजतेने उत्तरासह मांडला जातो, आणि अलीकडे त्या उत्तराला 'शीतसहनशील जनुकां'चा जो आधार दिला जातो, तो तपासून घेणे आवश्यक आहे. स्ट्रॉबेरीच्या शीतसहनशीलतेवरील रेणवीय संशोधनाने प्रत्यक्षात काय मोजले आणि त्यातून कोणता निष्कर्ष निघतो किंवा निघत नाही, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

'थंडी' या शब्दाची मर्यादा

मराठीत थंडीसाठी शब्दांची वाण नाही. हीव, गारठा, कडाका, काकडा, दहिवर हे सर्व शब्द शरीराला येणाऱ्या अनुभवाचे आहेत. वनस्पतीच्या बाबतीत या एका अनुभवाचे किमान तीन निरनिराळे प्रश्न होतात आणि मराठी कृषिलेखन ते तिन्ही 'थंडी सहन करणे' या एकाच शब्दप्रयोगात कोंबते.

पहिला प्रश्न शून्य अंशाच्या वरच्या थंडीचा. या तापमानाला पाणी गोठत नाही, परंतु पेशीपटलातील मेदाम्ले घट्ट होऊ लागतात, एंझाइमांचा वेग मंदावतो आणि प्रकाशसंश्लेषणाची घडी विस्कटते. धान, केळी, टोमॅटो ही उष्ण प्रदेशातील पिके याच टप्प्यावर आजारी पडतात. दुसरा प्रश्न गोठण्याचा. येथे शत्रू बर्फ असतो, आणि तो प्रथम पेशीच्या आत नव्हे तर पेशींच्या मधल्या पोकळीत तयार होतो. हा बर्फ पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो आणि पेशी आक्रसते. गोठून मरणारी वनस्पती पुष्कळदा खऱ्या अर्थाने तहानेने मरते. दुष्काळ सहन करण्यास उपयोगी पडणारी प्रथिने गोठण सहन करण्यासही उपयोगी पडतात, त्याचे कारण हेच. तिसरा प्रश्न शीतनाच्या गरजेचा. समशीतोष्ण प्रदेशातील अनेक वनस्पतींना पुढच्या हंगामात जोमाने फुलण्यासाठी काही काळ थंडी लागतेच. ही सहनशीलता नव्हे, गरज आहे.

स्ट्रॉबेरीच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न उपस्थित होतात, पण रोपाच्या वेगवेगळ्या अवयवांत आणि वर्षाच्या वेगवेगळ्या काळात. रेणवीय संशोधनातील बहुतांश काम दुसऱ्या प्रश्नावर आहे. महाबळेश्वरच्या किंवा गोंदियाच्या शेतकऱ्याला मुख्यतः पहिला प्रश्न भेडसावतो.

रेणवीय चित्राची रूपरेषा

वनस्पतीला थंडीची जाणीव कशी होते, याचे सर्वमान्य चित्र बव्हंशी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा वनस्पतीवरून तयार झाले आहे. तापमान घसरले की पेशीपटल ताठर होते, कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात आणि संकेतांची साखळी सुरू होते. आयसीई-१ हे नियामक प्रथिन सक्रिय होऊन सीबीएफ गटातील जनुकांना चालना देते, आणि सीबीएफ प्रथिने शीतप्रतिसादी जनुकांचा मोठा संच कार्यान्वित करतात. या संचातून डीहायड्रिन नावाची, पाण्यावर प्रेम करणारी प्रथिने तयार होतात, विद्राव्य शर्करा वाढतात, प्रतिऑक्सिडीकारक यंत्रणा सज्ज होते. ही सज्जता येण्यासाठी रोपाला काही दिवस किंवा आठवडे सौम्य थंडीत राहावे लागते. या काळाला शीत-अनुकूलन म्हणतात. अनुकूलन झालेले रोप आणि न झालेले रोप हे गोठणाच्या चाचणीत जणू दोन वेगळ्या जातींसारखे वागते.

स्ट्रॉबेरीत हे चित्र उतरवताना मोठी अडचण तिच्या जनुकसंचाची आहे. बाजारातील स्ट्रॉबेरी ही अष्टगुणित असून तिच्यात ५६ गुणसूत्रे आहेत. चिलीतील आणि उत्तर अमेरिकेतील अशा दोन जातींचा संकर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बागेत आपोआप घडला आणि त्यातून ती जन्मली. तिच्या दूरच्या द्विगुणित नातलगाचा, म्हणजे १४ गुणसूत्रांच्या रानस्ट्रॉबेरीचा, जनुकसंच २०११ साली प्रसिद्ध झाला. अष्टगुणित स्ट्रॉबेरीसाठी २०१९ पर्यंत थांबावे लागले, आणि त्यासाठी निवडलेले वाण होते कॅलिफोर्नियाचे 'कॅमारोसा'. महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतकऱ्यांना हे नाव परके नाही. त्यांच्या गादीवाफ्यांवर 'स्वीट चार्ली' आणि 'विंटर डॉन' यांच्या बरोबरीने ते लावले गेले आहे. कोणते जनुक किती प्रतींत आहे आणि चार उपसंचांपैकी कोणाची प्रत बोलकी आहे, हे कळण्याचा मार्ग २०१९ नंतर खऱ्या अर्थाने खुला झाला. त्याआधीचे निष्कर्ष वाचताना ही तारीख ध्यानात ठेवावी लागते.

'योन्सोक' आणि 'फ्रिडा' : एका अभ्यासाचे वाचन

या विषयावरील महत्त्वाचे काम अमेरिकेतील इंडियानापोलिस आणि नॉर्वे येथील संशोधकांनी मिळून केले. 'प्लांट फिजिऑलॉजी' या नियतकालिकात २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. चार वाणांची गोठण-चाचणी घेऊन त्यांतील सर्वांत सहनशील 'योन्सोक' आणि सर्वांत नाजूक 'फ्रिडा' ही दोन वाणे निवडण्यात आली. त्यांच्या क्राऊनमधील, म्हणजे जमिनीलगतच्या आखूड खोडातील, प्रथिनांची तुलना थंडी देण्यापूर्वी, दोन दिवसांनी आणि ४२ दिवसांनी करण्यात आली. द्विमितीय जेल पद्धतीने ६३ ठिपके आणि दुसऱ्या, खूण न लावता मोजमाप करण्याच्या पद्धतीने १३५ प्रथिने लक्षणीय फरक दाखवणारी आढळली.

या अभ्यासाची दोन बलस्थाने निर्विवाद आहेत. एक म्हणजे अवयवाची निवड. पाने हाताळण्यास सोपी, म्हणून बहुतेक प्रयोग पानांवर होतात, परंतु हिमप्रदेशात हिवाळा ओलांडतो तो क्राऊन. पाने मेली तरी क्राऊन जगला तर वसंतात रोप उभे राहते. दुसरे म्हणजे निष्कर्षाचे स्वरूप. 'योन्सोक'चे सामर्थ्य थंडी पडल्यावर उसळून येणाऱ्या एखाद्या प्रथिनात सापडले नाही. थंडी पडण्याच्या आधीपासूनच त्याच्या पेशींत अनेक संरक्षक प्रथिनांची पातळी चढी होती. प्रतिऑक्सिडीकारक, विषहारक आणि रोगप्रतिकाराशी निगडित अशी ही प्रथिने होती. 'फ्रिडा'चा प्रतिसाद मात्र फ्लॅव्होनॉइड-निर्मितीच्या वाटेकडे अधिक झुकलेला होता. घरात धान्य भरून ठेवणारा आणि दुष्काळ पडल्यावर बाजारात धावणारा, असा काहीसा हा फरक आहे. 'थंडीचे जनुक' शोधणाऱ्या उत्साहाला या निष्कर्षाने चांगलाच लगाम घातला, आणि मराठीत या संशोधनाचा सारांश सांगताना नेमके हेच सुटते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. टोकाची दोन वाणे घेतली की त्यांच्यात शेकडो फरक निघणारच, कारण ती दोन वाणे आहेत. त्यांतील कोणता फरक सहनशीलतेचा आणि कोणता केवळ वंशावळीचा, हे दोनच्या तुलनेतून ठरत नाही. चार वाणांची सहनशीलता मोजली असताना मधल्या दोन वाणांची प्रथिनेही त्याच तपशिलाने पाहिली असती, तर १३५ मधील बरीच नावे कदाचित गळली असती. शिवाय द्विमितीय जेलमध्ये पटलातील प्रथिने नीट उतरत नाहीत ही या तंत्राची जुनी अडचण आहे, आणि थंडीचा पहिला आघात तर पेशीपटलावरच होतो. दुसऱ्या पद्धतीची जोड दिल्याने ही उणीव कमी झाली असली तरी ती पुरती भरून निघत नाही.

'प्लॅन्टा' या नियतकालिकात २०१३ साली आलेल्या पुढील अभ्यासाने पहिल्या आक्षेपाला बऱ्याच अंशी उत्तर दिले, हे मान्य करावयास हवे. तेथे द्विगुणित स्ट्रॉबेरीचे २२ जनुकप्रकार तपासण्यात आले. त्यांत युरोप-अमेरिकेतील रानस्ट्रॉबेरीबरोबर हिमालयात आढळणारी नुबिकोला आणि जिच्या शास्त्रीय नावात निलगिरी आहे ती निलगेरेन्सिस या जातीही होत्या. निम्मी रोपे मरतात ते तापमान या २२ प्रकारांत उणे ४.७ पासून उणे १२ अंशांपर्यंत बदलत गेले. डीहायड्रिन, अल्कोहोल डीहायड्रोजिनेज हे एंझाइम आणि काही मध्यवर्ती चयापचयी द्रव्ये यांच्या पातळीशी सहनशीलतेचा संबंध दिसून आला. अल्कोहोल डीहायड्रोजिनेजचा उल्लेख प्रथमदर्शनी चकित करतो. हे एंझाइम प्राणवायूच्या अभावाशी संबंधित आहे, पुरात बुडालेल्या मुळांत ते वाढते. बर्फाने वेढलेल्या क्राऊनलाही श्वास घेता येत नाही, हे लक्षात घेतले की संगती लागते. तथापि संगती लागणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. हे एंझाइम रोपाला वाचवते की वाचणाऱ्या रोपात ते केवळ सोबतीने वाढते, हे सहसंबंधावरून सांगता येत नाही. संशोधकांनी त्याकडे पैदासकारांना उपयोगी पडणारी खूण म्हणून पाहिले, आणि खूण म्हणून त्याचे मोल कमी नाही. खुणेला कारणाचा दर्जा दिला जातो तो पुढे, सारांशकारांच्या हातून.

पान वाचते, फूल नाही

कार्यकारणाचा प्रश्न जनुक-प्रत्यारोपणाने सुटू शकतो, आणि स्ट्रॉबेरीत तसे प्रयत्न वरील दोन्ही अभ्यासांच्या आधीच झाले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अरॅबिडॉप्सिसचे सीबीएफ-१ जनुक स्ट्रॉबेरीत घालण्यात आले. पानांच्या चकत्या मूळ रोपापेक्षा अधिक थंडीला टिकल्या. फुलाचा जो भाग पुढे फळ होतो त्या पुष्पाधारात मात्र, जनुक तेथेही व्यक्त होत असून, सहनशीलतेत लक्षणीय फरक पडला नाही. २००४ साली गव्हातील डब्ल्यूकॉर-४१० हे डीहायड्रिन स्ट्रॉबेरीत उतरवण्यात आले. पानांची गोठण-सहनशीलता सुमारे ५ अंशांनी सुधारली, पण ती शीत-अनुकूलन झालेल्या पानांची. अनुकूलनाशिवाय एकट्या डीहायड्रिनने विशेष काही साधले नाही.

या दोन निष्कर्षांना मिळायला हवे तेवढे लक्ष मिळालेले नाही. नॉर्वेत क्राऊन वाचला की पीक वाचले, कारण फूल वसंतात येते. महाबळेश्वरात गणित उलटे आहे. तेथे रोपे पावसाळ्याच्या अखेरीस लागतात, फुले व फळे ऐन हिवाळ्यात येतात. उमललेले स्ट्रॉबेरीचे फूल उणे १ अंशाच्या आसपासच दगावते, मिटलेली कळी त्याहून बरीच काटक असते. दगावलेल्या फुलाचा मध्यभाग काळा पडतो आणि त्यातून फळ धरत नाही. आपल्याकडे जो अवयव उघड्यावर असतो, त्याच अवयवाबाबत रेणवीय संशोधनाच्या हाती सर्वांत कमी आहे.

वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरात काही हिवाळ्यांत पहाटे हिमकण दिसतात आणि त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. त्या रात्री वेधशाळेच्या पेटीतील तापमापक चार-सहा अंश दाखवत असतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन व पाने आपली उष्णता आकाशाकडे फेकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतात, थंड जड हवा खोलगट जागी साठते, आणि दव गोठते. पर्यटकाला हे काश्मीर वाटते. शेतकऱ्याला त्या पहाटे फुलांची काळजी असते. गोंदियाच्या आकड्याची महाबळेश्वरच्या आकड्याशी तुलना करणारे लेखन हा पेटीतला आणि पानावरचा फरक जमेस धरत नाही.

या संदर्भात कॅलिफोर्नियातील एक जुनी घटना आठवते. पानांवरील काही जिवाणू बर्फाच्या स्फटिकाला बीज पुरवतात, ते नसतील तर पाणी शून्याखालीही काही काळ द्रवरूप राहते. बर्फाचे बीज तयार न करणारा, जनुकीय बदल केलेला जिवाणू २४ एप्रिल १९८७ रोजी ब्रेंटवुड येथील स्ट्रॉबेरीच्या शेतात फवारण्यात आला. जनुकीय बदल केलेला जिवाणू अधिकृत परवानगीने खुल्या शेतात सोडण्याची ती पहिली वेळ, आणि विरोधकांनी त्याआधीच रोपे उपटून टाकली होती. फूल वाचवण्याचा उपाय फुलाच्या जनुकांत न शोधता त्याच्या पृष्ठभागावर शोधण्याची ती दिशा होती. वादाच्या धुरळ्यात तिचे शास्त्रीय मूल्यमापन मागे पडले.

गोंदियाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. गोंदिया शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर. गोंदियात रात्र थंड असते, पण ती थंडी खंडांतर्गत कोरड्या हवामानाची आहे. दिवसा ऊन चढते, फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारी ३० अंश ओलांडले जातात आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांकडे जातो. आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांना फूल धरण्यासाठी लहान दिवस आणि मवाळ तापमान लागते, २५ अंशांच्या वर कळी धरणे रोडावते. महाबळेश्वरात हंगाम एप्रिल-मेपर्यंत रेंगाळतो तो उन्हाळा सौम्य असल्यामुळे. तेथील पिकाचे खरे भांडवल थंडीपेक्षा उन्हाळ्याचा हा मवाळपणा आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. विदर्भात चिखलदऱ्याला स्ट्रॉबेरी घेतली जाते, ती सुमारे ११०० मीटर उंचीवर, यातही तेच सूचित होते.

याचा अर्थ गोंदियात स्ट्रॉबेरी येणारच नाही असा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढा आखूड हंगाम धरून, दरवर्षी बाहेरून रोपे आणून, ठिबक आणि आच्छादन वापरून काही फळे निश्चित काढता येतील. मात्र तेव्हा विचारायचे प्रश्न वेगळे असतील. ७-८ अंशांच्या रात्रीनंतर परागकणांची उगवणक्षमता किती राहते? परागण अपुरे झाले तर फळावरील बिया भरत नाहीत आणि फळ वाकडेतिकडे होते, मग त्याला बाजारात काय भाव मिळेल? रनरपासून पुढील वर्षाची रोपे करावयाची तर मातृरोपे विदर्भाचा मे महिना कसा काढतील? यांपैकी एकाचेही उत्तर उणे १२ अंशांना तगणाऱ्या क्राऊनच्या प्रथिनांत मिळत नाही. 'शीतसहनशील वाण' असे लेबल वाचून रोपे विकत घेणारा शेतकरी त्याच्या शेतात कधीच न येणाऱ्या संकटाचा विमा उतरवत असतो, आणि हप्ता मात्र रोख भरतो.

या जिल्ह्यात थंडीचा रेणवीय अभ्यास खऱ्या अर्थाने जेथे उपयोगी पडू शकतो ते पीक उन्हाळी धान आहे. डिसेंबर-जानेवारीत टाकलेले पऱ्हे रात्रीच्या गारठ्यात पिवळे पडतात, वाढ खुंटते, रोवणी लांबते आणि मग पीक फुलोऱ्यात असताना उन्हाच्या तडाख्यात सापडते. हा गोठण्याचा नव्हे, शून्यावरील थंडीचा प्रश्न आहे. त्यावर रेणवीय पातळीवर ठोस काम झालेले आहे. २०१५ साली 'सेल' या नियतकालिकात धानातील कोल्ड-१ या जनुकाचे वर्णन आले. जपोनिका गटातील धान इंडिका गटापेक्षा थंडी अधिक का सोसते, याचे एक कारण या जनुकातील एका अक्षराच्या बदलाशी जोडण्यात आले, आणि तो बदल पेशीत कॅल्शियमचा संकेत कसा उमटतो याच्याशी संबंधित आहे. विदर्भातील धान इंडिका गटातील आहे. साकोली आणि सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्रे याच पट्ट्यात आहेत. उन्हाळी हंगामात लावल्या जाणाऱ्या वाणांत या जनुकाचे कोणते रूप आहे, हे पाहण्यासाठी लागणारी तंत्रे आज दुर्मीळ राहिलेली नाहीत.

दरम्यान थंडीच्या दिवसांत पऱ्ह्याच्या वाफ्यात संध्याकाळी विहिरीचे किंवा बोअरचे कोमट पाणी भरावे, सकाळी ते गार झालेले पाणी काढून टाकावे आणि रात्री प्लास्टिकचे आच्छादन घालावे, असा सल्ला कृषी विस्तार यंत्रणेकडून दिला जातो. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता आणि रात्रीचे उत्सर्जन या दोन भौतिक गोष्टींवर तो उभा आहे. अशा वाफ्यातील आणि उघड्या वाफ्यातील रोपांची प्रथिने ४२ दिवसांच्या त्याच शिस्तीने, पण ८ ते १२ अंशांच्या रात्रींत मोजली गेली, तर त्या मोजणीत अर्जुनी मोरगावच्या शेतकऱ्याला ओळखीचे काही सापडेल.